कार्डाचा सेफ्टी स्टॉप
स्कूबात वर येताना घाई करायची नाही, हा पहिला धडा. 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचं, म्हणजे सेफ्टी स्टॉप घ्यायचा, मग वर. तारकर्लीच्या समुद्रात विद्यार्थी हे इमानेइतबारे पाळतो. कोर्स पूर्ण केल्याचं त्याचं ओपन वॉटर कार्ड मात्र इन्स्ट्रक्टरच्या लॅपटॉपमध्ये महिनोन्‌महिने सेफ्टी स्टॉप घेत असतं. चार डाइव्ह झाल्या, लेखी परीक्षा झाली, 18 मीटरपर्यंत जायची पात्रता आली. राहिलं काय, तर एक बटण. ते दाबायचा अधिकार इन्स्ट्रक्टरचा. फोन केला की ‘साहेब बोटीवर गेलेत.’ पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, साहेब तेव्हाही बोटीवरच!

उपाय आहे. लॉगबुकातल्या सह्या, फीची पावती, कोर्सच्या तारखा जोडून डाइव्ह सेंटरला ईमेल धाडा आणि एक प्रत थेट कार्ड देणाऱ्या संस्थेला. प्रत गेली की लॅपटॉपला अचानक रेंज मिळते. त्याआधी आपण दिलेला ईमेल पत्ता तेवढा तपासा. कार्ड कधीकधी भलत्याच्याच इनबॉक्सात पोहत असतं.

(मालवणात अर्धा तास बुडी मारून व्हिडिओ घेऊन आलेल्यांनी या रांगेत उभं राहू नये. त्यांना हे कार्ड मिळतच नाही. फेसबुकवर मात्र ते केव्हाच मास्टर डायव्हर झालेत.)