लाईट गेली : नवशिक्यांसाठी पहिले धडे

आधी शब्द. मराठीत वीज आकाशात कडाडते. घरात असते ती लाईट. फ्रिज बंद पडला तरी लाईटच जाते, आणि भर दुपारी बारा वाजताही लाईटच जाते. ती गेल्यावर पहिली कृती : गॅलरीत येऊन शेजारी डोकावणे. त्यांचीही गेली असेल तर जीव भांड्यात पडतो. समोरच्यांचा पंखा फिरत असेल, तर जाणकार चेहऱ्याने म्हणावे, “आपला फेज गेलाय.”

फेज म्हणजे काय, हे कोणी विचारत नाही, तरी सांगतो. कोपऱ्यावरच्या डीपीतून (तिला ट्रान्सफॉर्मर म्हटलंत तर वायरमन तुम्हाला नवखे समजेल) तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. एकाच उखळात तिघींनी पाळीपाळीने मुसळ घालावं तसे तिन्ही फेज एकामागून एक चढतात-उतरतात, सेकंदाला 50 वेळा. तुमच्या वाट्याला त्यातला एक येतो : फेज-न्यूट्रलमध्ये 230 व्होल्ट. दोन फेजांमध्ये मात्र 460 नव्हे, सुमारे 400. दोघे एकाच वेळी टोकाला पोचत नाहीत ना! वायरमन अजून ‘चारशे चाळीस’ म्हणतो. वाद घालू नका, शिडी त्याची आहे.

थ्री फेज मीटरवाल्यांकडे फेज बदलायचा स्विच असतो. मे महिन्यात एक फेज गेला की सगळी गल्ली आपापले एसी चालू फेजवर घेते. मग त्याचाही फ्यूज उडतो आणि गल्लीत समता नांदते.

न्यूट्रल मात्र नावावर जाण्यासारखा नाही. एका संध्याकाळी आमच्या देवघरातला झिरोचा बल्ब शंभराच्या बल्बासारखा तळपू लागला. आईने हात जोडले. तेवढ्यात बल्ब फुटला आणि टीव्हीच्या मागून धूर निघाला. खांबावरचा न्यूट्रल तुटला होता. अशा वेळी ज्या फेजवर भार कमी, तिथलं व्होल्टेज 400 च्या दिशेने चढतं. भार जास्त तिथे दिवे मंदावतात. दिवा अकारण तेजाळला तर नमस्कार नंतर, आधी मेन स्विच बंद.

अर्थिंग सगळ्यात दुर्लक्षित. प्लगची वरची जाड पिन मुद्दाम लांब असते, म्हणजे आत जाताना ती सगळ्यांआधी जोडली जाते. हे शहाणपण वापरणारे थोडे. मांडववाल्यांचा पोऱ्या प्लगशिवायच दोन उघड्या तारा सॉकेटात घालतो, काडेपेटीच्या काड्या खोचून घट्ट करतो आणि विचारतो, “लागली का लाईट?” लागते. तेच वाईट.

“आमच्याकडे एमसीबी आहे,” असं सांगणारे भेटतील. 16 अँपिअरचा एमसीबी तारेला जपतो, तुम्हाला नाही. माणसाचा जीव जायला एका अँपिअरचा दहावा भागही पुरतो. तुम्हाला जपायला आरसीसीबी हवा. घरगुती आरसीसीबी 30 मिलिअँपिअरची गळती होण्याआधीच ट्रिप होतो. त्यावर टेस्टचं छोटं बटण असतं, बहुतेकांनी ते कधी दाबलेलं नसतं. घरातल्यांना सांगून आजच दाबा. लाईट गेली तर उत्तम. नाही गेली तर वायरमनला बोलवा.