संदर्भ : आमचे यापूर्वीचे पत्र

सायकलवाल्यांच्या जर्सीला पाठीशी तीन खिसे असतात. एकात केळं, दुसऱ्यात मोबाइल, तिसऱ्यात पंक्चरचं सामान, अशी सर्वसाधारण वाटणी. आमच्या सेक्रेटरींच्या तिसऱ्या खिशात पाच मीटरचा स्टीलचा टेप असतो. त्यांचं पंक्चरचं सामान माझ्या खिशात असतं, कारण मी क्लबचा खजिनदार. मी काही निवडून आलेलो नाही. नऊ वर्षांपूर्वी पहिल्या राइडनंतर खडकवासल्याला नाश्त्याचं बिल आलं, तेव्हा अकरा जणांत पाकीट माझ्या एकट्याकडे निघालं.

क्लबला अध्यक्षही आहेत. ते वर्षातून दोनदा झेंडा दाखवतात आणि गुडघ्यामुळे झेंड्यापाशीच थांबतात. बाकीचा क्लब म्हणजे सेक्रेटरी. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्यांना बारा वर्षं झाली, पण माणूस अजून काउंटरच्या आतल्या बाजूलाच आहे. आमच्या भागात कुठलीही संस्था काढायची म्हटली की इतर पदांना माणसं शोधावी लागतात. सेक्रेटरीचं पद आपोआप भरतं. सोसायटीचे सेक्रेटरी तेच, गणपतीच्या हिशेबावर सही त्यांचीच, टेकडीवर झाडं लावणाऱ्यांचं रजिस्टर त्यांच्याच कपाटात. त्यांचं खरं नाव मला माहीत आहे, पण वापरायची वेळ आलेली नाही. वहिनीसुद्धा फोनवर "सेक्रेटरी आंघोळीला गेलेत" असंच सांगतात.

रविवारी पहाटे साडेपाचला कर्वे पुतळ्यापाशी जमायचं. आल्या आल्या हजेरी, मग तपासणी. हेल्मेट, मागचा लाल दिवा, पाण्याची बाटली, आणि प्रत्येकाच्या चाकातली हवा अंगठ्याने दाबून. दीड लाखाची कार्बन फ्रेम असो की भाच्याची मागून आणलेली सायकल असो, अंगठा सगळ्यांना. त्यांच्या स्वतःच्या सायकलला मडगार्ड, स्टँड, कॅरियर आणि घंटी आहे. तरुण मंडळी मडगार्ड काढून वजन वाचवतात आणि सिंहगडावर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही हाणून ते सव्याज वसूल करतात, याबद्दल सेक्रेटरींना मत आहे. मात्र ते मत भजी संपल्यावर येतं.

सभासदांच्या नव्या चाकांचे, नव्या गिअरचे खोके सेक्रेटरींच्या पत्त्यावर येतात. घरी नेलं की किंमत विचारतात ना. गेटवर वॉचमनकाका सही करून घेतात, गॅलरीत वहिनी लावून ठेवतात, आणि मग एखाद्या संध्याकाळी सभासद पिशवी घेऊन 'सहज' येतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला क्लबातल्या सगळ्या बायका वहिनींकडे जमतात, आणि कुणाच्या नवऱ्याने मागच्या चाकावर किती घातले हे त्या खोलीत एकट्या वहिनींना माहीत असतं. क्लब टिकलाय तो या एका बाईच्या मौनावर, असं माझं प्रामाणिक मत आहे.

लोकांना वाटतं क्लब चालवणारा माणूस शर्यती जिंकलेला असेल. सेक्रेटरींची कमाई एकच, २०० किलोमीटरची बीआरएम. हा शर्यतीचा प्रकार नव्हे. पॅरिसच्या एका क्लबच्या नियमांनुसार ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात पुरं करायचं. २०० ला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. पहिला कोण आला हे कुणी विचारत नाही. सेक्रेटरी खंबाटकी आणि पसरणी चढून पाचगणीला जाऊन आले ते तेरा तास बावीस मिनिटांत, आणि परत आल्यावर त्यांना गहिवरून आलं ते अंतरामुळे नव्हे. वाटेतल्या प्रत्येक कंट्रोलवर कार्डावर शिक्का मिळतो! माणूस नसेल तिथे एटीएममध्ये जाऊन वेळ छापलेली पावती घ्यायची, ती पुरावा म्हणून चालते! आयुष्यभर ज्या खेळाच्या शोधात होते तो त्यांना छपन्नाव्या वर्षी सापडला. ते कार्ड आणि ती पावती लॅमिनेट करून हॉलमध्ये लावली आहे. पावतीवर खात्यातली शिल्लक दिसते, तेवढ्यावर पांढरी पट्टी.

३ जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनी, त्यांचं भाषण असतं. सुरुवात ठरलेली : "एकेकाळी पुणे हे सायकलींचं शहर होतं." समोर बसलेले पेन्शनर मान डोलावतात. त्यांनी पितळेचा बिल्ला लावलेली सायकल चालवलेली असते, डबलसीट पकडले गेलेले असतात, दिवा नाही म्हणून दंड भरलेला असतो. आणि आता ते सभागृहाच्या दारात स्कूटर लावून आलेले असतात. मग भाषण इतिहासात शिरतं. संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस २०१८ साली जाहीर केला, आणि दोनच वर्षांनी, २०२० च्या ३ जूनलाच, अॅटलासने साहिबाबादचा कारखाना बंद केला. या वाक्याला दर वर्षी सेक्रेटरींचा आवाज फुटतो. मला ते अगोदर माहीत असतं, म्हणून मी पाण्याचा ग्लास घेऊन उभा राहतो. पुढे २०१७ चा शहराचा सायकल आराखडा येतो. त्याची स्पायरल बाइंडिंग केलेली प्रत त्यांच्या उशाशी असते आणि गाथेसारखी कुठेही उघडून ते त्यातलं पान वाचू शकतात. त्याच वर्षाच्या शेवटी भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली आल्या आणि पुढच्या एक-दोन वर्षांत दिसेनाशा झाल्या, एवढं सांगून भाषण चहाकडे वळतं.

पण त्यांचा खरा प्रांत पत्रव्यवहार. क्लबच्या वतीने त्यांनी आजवर किती पत्रं लिहिली याचं जावक रजिस्टर आहे, ते बघायला मागू नका, कारण ते दाखवतात. प्रत्येक पत्राच्या माथ्यावर 'विषय' आणि त्याखाली 'संदर्भ : आमचे यापूर्वीचे पत्र'. नव्या पत्रात जुन्या सगळ्या पत्रांचे संदर्भ तारखेसह द्यायचे हा त्यांचा नेम. परिणामी अलीकडच्या एका पत्रात संदर्भ दीड पानाचे आणि मजकूर चार ओळींचा आहे. पत्र टपालाने पाठवत नाहीत. स्वतः सायकलवर जाऊन देतात आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतात. शिक्का पुसट उठला तर पुन्हा मारायला लावतात. इतक्या वर्षांत लेखी उत्तर एकच आलं : 'आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे.' तेही फाइलला आहे.

एकदा मात्र कागद हलला. आमच्या भागातल्या सायकल ट्रॅकची पाहणी करायला खुद्द एक अभियंता आले. मी सोबत होतो, कारण टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं.

"साहेब, ट्रॅक किती रुंद आहे?"

"दोन मीटर. नियमाप्रमाणे."

"बरोबर. इंडियन रोड्स काँग्रेसची अकरा नंबरची पुस्तिका." टेप सर्रकन बाहेर आला. "हे झाड?"

"ते उद्यान विभागाकडे येतं."

"हा डीपी?"

"वीजवाल्यांचा."

"हे वर आलेलं झाकण?"

"ड्रेनेज."

"ही भेळेची गाडी?"

"अतिक्रमण विभाग."

"मग यात तुमचं काय?"

साहेबांनी जरा विचार केला. "मधली जागा," ते म्हणाले.

मधली जागा एक मीटर दहा सेंटिमीटर भरली. सेक्रेटरींनी ती वहीत लिहून त्याखाली साहेबांची सही घेतली. साहेब भला माणूस. जाताना म्हणाले, "झाडाचं माझ्या हातात नाही, पण ट्रॅकवर स्कूटरी शिरतात म्हणता ना, तेवढं बघतो." आणि खरंच, दोन महिन्यांनी ट्रॅकच्या तोंडाशी लोखंडी खांब उभे राहिले! अकरा पत्रांचं फळ. सेक्रेटरींनी पेढे वाटले, पैसे माझ्याकडून.

पुढच्या रविवारी सगळा क्लब नव्या खांबांमधून वाजतगाजत जाणार होता. पहिला मान सेक्रेटरींचा. घंटी वाजवली, पुढे गेले आणि खट्कन थांबले. हँडल दोन्ही बाजूंनी टेकलं होतं. टेप बाहेर आला. दोन खांबांमधलं अंतर एकाहत्तर सेंटिमीटर. सेक्रेटरींच्या सायकलचं हँडल चौऱ्याहत्तर. आम्ही हे आकडे पडताळत असताना मागून हॉर्न वाजला. "काका, जरा सरका ना," म्हणत एक मुलगी स्कूटरवरून त्याच फटीतून झुळकीसारखी निघून गेली. कुणी हसलं नाही, कारण सेक्रेटरी वहीत लिहीत होते. बारावं पत्र सोमवारी गेलं. विषय : खांब.

त्या पत्रावर साहेबांनी तोंडी विचारलं, की इथून सायकली जातात तरी किती? प्रश्न सेक्रेटरींना लागला. बुधवारी सकाळी साडेसहाला आम्ही दोघं चौकात उभे. सेक्रेटरींच्या हातात वहिनींचं जपाचं यंत्र, ते बोटात घालून बटण दाबायचं. एक सायकल गेली की एक दाबायचं. साडेआठपर्यंत आकडा झाला २१४. सेक्रेटरी हरखून गेले. दूधवाले, पेपरवाले, हँडलला डबा अडकवलेले रंगारी, शाळेची पोरं, रात्रपाळी करून परतणारे आणि दिवसपाळीला निघालेले वॉचमन. हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नव्हतं. ट्रॅकवरूनही एकही गेला नाही, सगळे रस्त्याच्या कडेने.

आकडा घेऊन आम्ही दुपारी कार्यालयात गेलो. साहेबांनी कागद वाचला. चष्मा काढून अगदी साधेपणाने विचारलं, "छान. यातले तुमच्या क्लबचे किती?"

सेक्रेटरी गप्प. शांतता मला सहन होत नाही, हा माझा जुना दोष.

"आम्ही रविवारी चालवतो," मी म्हणालो.

परत येताना सेक्रेटरी माझ्याशी बोलले नाहीत. रात्री साडेदहाला ग्रुपवर तीन परिच्छेदांचा संदेश आला. क्लब सायकलस्वारांचा प्रतिनिधी असेल तर सायकलस्वार क्लबात हवेत, रोज सायकलवर कामाला जाणाऱ्यांना सभासद करून घ्यावे, सुरुवात घरापासून. दुसऱ्या दिवशी सकाळी ते छापील अर्ज घेऊन स्वतःच्या सोसायटीच्या गेटवर उतरले. खजिनदार बरोबर होतेच.

वॉचमनकाका धायरीहून येतात. चोवीस इंची काळी सायकल, सीटवर प्लॅस्टिकची पिशवी, चेनकव्हर तारेने बांधलेलं. रोज येऊन-जाऊन पंधरा-सोळा किलोमीटर, महिन्याचे सव्वीस दिवस. मी मनात हिशेब केला : चारशे. आमच्या क्लबात महिन्याला तीनशे केले की मेडल आहे, आणि गेल्या वर्षभरात ते चौघांना मिळालं.

"वर्गणी बाराशे. जर्सी त्यातच," सेक्रेटरींनी समजावलं.

"सायकल चालवायचे बाराशे?" काका बघतच राहिले. "अहो साहेब, बसचे पैसे वाचावेत म्हणून तर सायकल."

वर्गणी खजिनदाराने भरली. पाकीट पुन्हा माझ्याकडेच निघालं.

अर्जावर सही झाली. सेक्रेटरींनी पेन उघडंच ठेवून विचारलं, "आता सभासद म्हणून तुमची काही अडचण? ट्रॅक, खांब, सिग्नल, काहीही. आपण पत्र टाकू."

काकांनी गेटबाहेर बोट दाखवलं. सायकल गुलमोहराला साखळीने बांधलेली होती. "एवढंच बघा. उन्हात टायर तडकतं, पावसात चेन गंजते. आत पार्किंगमध्ये लावू देत नाहीत."

"कोण लावू देत नाही?" सेक्रेटरींचा आवाज चढला. हात टेपकडे गेला.

काका काही बोलले नाहीत. त्यांच्या केबिनच्या काचेवर आतून एक कागद चिकटवलेला होता, कडा पिवळ्या पडलेला. 'सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाहेरील व्यक्तींच्या सायकली आढळल्यास हवा सोडण्यात येईल. आदेशावरून, सेक्रेटरी.' शिक्का ठळक उठला होता.

सेक्रेटरींनी तो कागद दोनदा वाचला. आपलीच सही माणूस इतकी निरखून वाचतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

मला वाटलं, कागद फाडतील आणि सायकल आत घेतील. एवढं सोपं असतं तर ते सेक्रेटरी कसले. ते वर गेले. तासाभराने खाली आले तेव्हा हातात पत्र होतं, क्लबच्या लेटरहेडवर, सोसायटीच्या सेक्रेटरींना उद्देशून. विषय : सायकलस्वार कर्मचाऱ्यांस पार्किंगची जागा मिळणेबाबत. संदर्भ या ओळीत काहीच नव्हतं. या विषयावरचं हे पहिलंच पत्र. सोसायटीच्या ऑफिसचं कुलूप उघडून त्यांनी आत बसून ते पत्र स्वीकारलं, आवक नंबर टाकला आणि दुय्यम प्रतीवर शिक्का मारून ती टेबलाच्या या बाजूला येऊन घेतली.

"अहो, पण मंजूर तुम्हीच करणार ना?" मी विचारलं.

"अर्जही माझा आणि मंजुरीही माझी, हे बरं दिसणार नाही," ते म्हणाले. मग पॅड ओढून त्यांनी तिथल्या तिथे उत्तर लिहिलं आणि मला वाचायला दिलं : 'आपले पत्र मिळाले. विषय धोरणात्मक असल्याने तो पुढील मासिक सभेत ठेवण्यात येईल.'

काका दारात उभे होते. "मग तोवर साहेब?"

"तोवर झाडालाच राहू दे," सेक्रेटरी म्हणाले. जावक रजिस्टर उघडून त्यांनी तारीख घातली, पंधरा दिवस मोजले आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं : स्मरणपत्र.