मामींच्या मार्गे

दादरला माझी बहीण स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत बसलेल्या नवऱ्याला मोबाइलवर कळवते, 'चहा झालाय.' हा निरोप दादरहून निघतो, मुंबईतल्याच एका भाड्याच्या यंत्रापाशी टेकतो, तिथून हजारावर किलोमीटर तोडून चेन्नईजवळच्या तांबरमला आमच्या घरी, तांदळाच्या डब्याशेजारच्या जुन्या लॅपटॉपवर येतो, नोंद करून घेतो आणि आल्या वाटेने दादरला परततो. चहा तरीही गार होत नाही. गार होतो तो भावोजी उठेपर्यंत.

हे सगळं माझ्या लेकीचं कर्तृत्व. ती इथे मेप्झ या निर्यात क्षेत्रात संगणकाची नोकरी करते, जावई हवाई दलाच्या तळावर, आणि मी साताऱ्याहून निवृत्तीवेतनासकट इथे सेलैयूरला येऊन राहिलोय. आपल्या घरातल्या गप्पा आपल्याच घरात साठवायच्या, असं तिने एका रविवारी जाहीर केलं. कराडच्या काकांनी लगेच हरकत घेतली. गप्पांचं 'अरट्टै' हे ॲप काढणारी झोहो कंपनी तुमच्याच जीएसटी रोडवर, तांबरमच्या थोडं पुढे आहे. २०२१ पासून चाललंय, २०२५ मध्ये तर सगळा देश त्यावर तुटून पडला. मग घरात वेगळी चूल कशाला? लेक म्हणाली, "काका, भाड्याच्या घरात राहतेच आहे. निदान गप्पा तरी स्वतःच्या जागेत मारू द्या."

स्वतःच्या जागेची पहिली अडचण म्हणजे तिला पत्ताच नव्हता. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे पत्ते सगळ्या जगात मिळून सुमारे ४२९ कोटी. आशियाच्या वाट्याचे २०११ सालीच तळाला गेले. म्हणून आमच्या इंटरनेटवाल्याने आख्ख्या गल्लीला मिळून बाहेरचा एकच पत्ता दिलाय. आम्ही बाहेर जाऊ शकतो, बाहेरून आमच्या दारावर कुणी टकटक करू शकत नाही. तेव्हा लेकीने मुंबईत एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला, लॅपटॉपपासून तिथवर एक बोगदा काढला आणि मुंबईच्या टोकाला रिव्हर्स प्रॉक्सी बसवायला घेतली. ती म्हणजे काय, हे सांगायला तिने वहीत चौकोन काढले, बाण काढले. मला बाणांची गरज नव्हती. आमच्या खाली मामी राहतात.

मामी म्हणजे घरमालकीण. दूधवाला, गॅसवाला, कुरियरवाला, विजेचं मीटर वाचणारा, सगळे मामींचंच दार वाजवतात. वर कोण राहतं, किती राहतात, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. ते मामींशी तमिळमध्ये बोलतात, आणि माझं तमिळ 'पोदुम' आणि 'वेण्डाम'पाशी, म्हणजे 'पुरे' आणि 'नको'पाशी, संपतं. मामी दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेच्या परीक्षा देत विशारदपर्यंत गेलेल्या. त्या जिन्याशी येऊन म्हणतात, "महाशय, गैस-वितरक पधारे हैं।" मी माझ्या सातारी हिंदीत वरून सांगतो, "हां हां, आने दो ना उसको!" मामी ते ऐकून क्षणभर डोळे मिटतात आणि खाली जाऊन शुद्ध तमिळमध्ये माझा मान राखतात.

लेकीचं यंत्र हेच करतं. बाहेरून येणारा मजकूर कुलूपबंद असतो. तो दारात उलगडायचा आणि आत साध्या भाषेत सांगायचा. त्याकरता लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट देते, ९० दिवसांचं. दारात बसवलेल्या प्रोग्रामचं नाव इंजिनएक्स. ईगर सिसोयेव या रशियन माणसाने तो २००४ साली लोकांना खुला केला, एका वेळी दहा हजार माणसं आली तरी डगमगू नये म्हणून. आमच्याकडे येणार होते कराडचे काका.

उद्घाटनाला पुण्याच्या भाचीने बाळाच्या बारशाचे फोटो पाठवले. एकही आत येईना. पडद्यावर चुकीचा क्रमांक ४१३, म्हणजे सामान फार मोठं. मामी याच कारणासाठी मोठी खोकी जिन्यावर चढू देत नाहीत, भिंतीचा रंग जातो. इंजिनएक्स मुळात १ एमबीच्या वरचं काही घेत नाही, आणि आजचा फोन साधी वाटी टिपतो ती ४ एमबीची. पण गुलाबाच्या फुलावर 'शुभ सकाळ' लिहिलेली चित्रं कशी दिवसेंदिवस झिजून किलोबाइटांत आलेली असतात! ती सगळी सुखरूप पोचली. लेकीने मर्यादा ५० एमबी केली. माझी सूचना उलटी होती, १ एमबीच्या खालचं काही घेऊच नये. ती अजून विचाराधीन आहे.

मग काकांनी सलग चुकीचा पासवर्ड टाकला आणि नागपूरपासून कोल्हापूरपर्यंत सगळ्या घराण्याला बाहेर काढलं. सर्व्हरचा काही गुन्हा नव्हता. त्याला दिसत होतं ते असं, की एकाच पत्त्यावरचा कुणीतरी पुन्हा पुन्हा कुलूप खटखटवतोय. म्हणून त्याने त्या पत्त्याला मज्जाव केला. तो पत्ता होता मामींचा, म्हणजे आमच्या प्रॉक्सीचा. सगळेच तिच्या मार्गे येणार, तर सगळ्यांचा चेहरा तिचाच. "कोई सज्जन आये थे," मामी संध्याकाळी सांगतात. कोण? "सज्जन।" उपाय एका ओळीचा: प्रत्येक निरोपाला मूळ माणसाचा पत्ता चिकटवायचा, एक्स-फॉरवर्डेड-फॉर. मात्र ती चिठ्ठी फक्त आपल्या प्रॉक्सीनेच दिली असेल तर खरी मानायची. रस्त्यावरचा कुणीही खोटी चिठ्ठी लिहील, आणि आमच्या घराण्यात ती लिहिणारे कोण, हे मला माहीत आहे.

तिसरा घोळ दुपारचा. पलीकडून ६० सेकंद काही आलं नाही की इंजिनएक्स मूळ नियमाप्रमाणे जोडणी तोडतं. आमच्याकडे जागेपणी एवढा वेळ शांतता पडत नाही, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. लागला तो पुण्याची शाखा जेवून आडवी झाल्यावर.

वीज गेली की ५०२ येतो. मुंबईचं दार उघडं असतं, आतून तांबरम उत्तर देत नाही. मामी माझ्या वामकुक्षीत हेच करतात: "महाशय निद्राधीन हैं, तत्पश्चात् पधारिए।" पाहुण्याला निदान कळतं तरी. खरी पंचाईत प्रॉक्सीच पडली तर. गेल्या महिन्यात मामी भाचीच्या लग्नाला कुंभकोणमला गेल्या. गॅसवाला आला, दार वाजवलं, निघून गेला. वर आम्ही तिघंही जागे.

परत आल्यावर मामींनी लेकीकडे स्वतःसाठी खातं मागितलं. आता त्या रोज सकाळी समस्त परिवाराला विशारद हिंदीत सुप्रभात कळवतात, चित्राविना. घराणं हादरलं आहे. उत्तर देण्याआधी लोक ऱ्हस्वदीर्घ तपासतात. आणि कराडचे काका पासवर्ड विसरले की हल्ली लेकीला फोन करत नाहीत. थेट मामींना करतात, मामी जिन्याशी येतात.

"महाशय, करहाटक से कोई सज्जन..."