टर्बोपंतांचं धर्मसंकट

पुण्यात कोथरूडपासून बाणेरपर्यंत कुठल्याही सोसायटीत एक तरी टर्बोपंत राहतातच. नाव प्रत्येक सोसायटीत वेगळं असतं, माणूस तोच. सर्वसाधारण सभेत पाण्याच्या टँकरचा दर वाढला म्हणून खडाजंगी चाललेली असताना मागच्या खुर्चीवरून जो गृहस्थ “पण त्या टँकरचे मागचे टायर कमी रेटिंगचे आहेत” असं सांगतो, तो टर्बोपंत समजावा.

वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी हिंजवडीत, कर्ज घराचं, आणि गाडी लहान. गाडी म्हणजे २०१६ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटनमीटर टॉर्क आणि सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स. हे आकडे पंत गणपतीच्या आरतीइतक्या सहज म्हणतात, आणि टाळ्या मात्र स्वतःच वाजवतात. चाकणच्या कारखान्यातून पोलो निघणं २०२२मध्ये बंद झालं, तेव्हापासून ते गाडीला ‘वारसा’ म्हणू लागले आहेत. वारसा जपायचा असतो हे त्यांना मान्य आहे. जपण्याआधी तो थोडा वाढवून घ्यावा, एवढंच त्यांचं म्हणणं.

वाढवायचा कुठून, यावर घोडं अडलं आहे. हाताशी पैसे बेताचे. ते इंजिनात घालायचे की सस्पेन्शनमध्ये? आधी पॉवर की आधी हँडलिंग? मुलीला कुठल्या शाळेत घालायचं हे पंतांनी एका संध्याकाळी ठरवलं, फ्लॅट दोन रविवारांत घेतला. हा प्रश्न मात्र गाडी घेतल्यापासून चर्चेत आहे.

सोमवार ते गुरुवार पंत पॉवरपक्षात असतात. याला भौगोलिक कारण आहे. हिंजवडीच्या रांगेत गाडी ज्या वेगानं सरकते, त्याला १०५ पीएस सोडाच, पाच पीएसही पुरतील. पण ताकद वापरायला मिळाली नाही की ती कमी पडते आहे असं वाटू लागतं. मग ऑफिसच्या कँटीनमध्ये पंत सांगतात, “काही नाही रे, स्टेज वन रिमॅप करून टाकायचा. स्टिअरिंगखालच्या पोर्टला लॅपटॉप जोडला, ईसीयूचं सॉफ्टवेअर बदललं, की खेळ खलास. १०५चे सरळ १३०च्या पुढे!” नटबोल्टला हात न लावता पंचवीस घोडे गोठ्यात येतात, ही गोष्ट आयटीतल्या माणसाला फार भावते.

यातलं विज्ञान खरंच आहे. टर्बो इंजिनात हवा दाबून भरलेली असते. कंपनीनं तो दाब जरा हात राखून ठेवलेला असतो, कारण तिला हीच गाडी मे महिन्यात नागपुरातही चालवून दाखवायची असते आणि कुठल्याशा हायवेवरच्या कसल्याही पेट्रोलवर. रिमॅप करणारा तो राखलेला हात मोकळा करतो. टॉर्क वाढतो, आणि इथे डीएसजी खाकरतो. या गाडीतला कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स कमाल २५० न्यूटनमीटरसाठी बनलेला आहे. म्हणजे इंजिनाला कितीही उत्साह आला तरी वर छत आहे. पंत हे जाणतात. म्हणून ते रिमॅपवाल्याला विचारतात, “२४० पर्यंत ठेवता येईल ना?” उरलेले दहा गिअरबॉक्सच्या म्हातारपणासाठी.

शुक्रवारी दुपारी वारं फिरतं. ऑफिसात एका सहकाऱ्याकडे अबार्थ पुंटो आहे. रांजणगावच्या कारखान्यात बनलेली, १४५ बीएचपीची. ती शेजारी उभी राहिली की १३० हा आकडा एकदम केविलवाणा दिसू लागतो. ज्या शर्यतीत आपण हरणार ती शर्यतच मुळात उथळ असते, हे तत्त्वज्ञान पंतांना अशा वेळी सुचतं आणि ते हँडलिंगपक्षात प्रवेश करतात. “सरळ रस्त्यावर काय, कुणीही पळवेल. खरी गाडी वळणावर कळते!”

मग पंतांना इतिहास आठवतो. १९६४ची माँटे कार्लो रॅली. मिनी कूपर एस, इंजिन जेमतेम १०७१ सीसीचं, चाकं दहा इंची, स्प्रिंगच्या जागी रबराचे शंकू. पॅडी हॉपकर्कनं त्या डबीतून मोठमोठ्या व्ही-एट फोर्ड गाड्यांच्या नाकावर टिच्चून रॅली जिंकली. ही कथा सांगताना पंत चहाचा कप असा काही फिरवतात की समोरच्याच्या शर्टाला हँडलिंग म्हणजे काय ते लगेच समजतं.

शनिवारी सकाळी कागद निघतो. “बघ, आपली गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्ह. ओढायचं काम पुढच्या चाकांचं, वळायचंही पुढच्याच चाकांचं, आणि इंजिनाचं वजनही त्यांच्याच डोक्यावर. जोरात वळलं की नाक सरळच पळतं. याला म्हणतात अंडरस्टिअर. यात आणखी पॉवर घातली तर पुढची चाकं रडतील. त्यापेक्षा मागे जाड अँटी-रोल बार टाकायचा. मागची बाजू थोडी सैल होते, नाक आत वळतं.” हे सगळं ते बायकोला सांगत असतात. ती भाजीची यादी करत असते. ती विचारते, “अरे, पण ती वळत नाही असं कधी झालंय का?” पंत पेन खाली ठेवतात. हा प्रश्न अंडरस्टिअरच्या कुठल्याच आकृतीत बसत नाही.

गेल्या वर्षी पंतांनी गाडीला कमी उंचीच्या स्प्रिंगा बसवून पाहिल्या. गुरुत्वमध्य खाली आला, गाडी वळणावर कमी कलू लागली, घाटात आनंदीआनंद. पण टर्बोपंतांना रोज घाट ओलांडून घरी यायचं नसतं, सोसायटीचा स्पीडब्रेकर ओलांडून यायचं असतं. हा ब्रेकर कमिटीनं शाळेच्या बससाठी घातला असून त्याच्या उंचीला कुठलाच नियम लागू नाही. गाडी चौघांना घेऊन त्यावर चढली की पोटाखालून असा आवाज येई की वॉचमन बाहेर धावायचा. शेवटी ब्रेकर आला की पंत गाडी थांबवून मागे वळून म्हणू लागले, “आई, दोन मिनिटं उतरतेस का?” आईनं हे दिवाळीपर्यंत सहन केलं. भाऊबीजेला मामाकडून परत येताना, हातात फराळाचा डबा घेऊन ब्रेकरपलीकडे चालत जाताना ती म्हणाली, “तुला वळण लावण्यात माझा जन्म गेला, आणि तुझा या गाडीला वळण लावण्यात जाणार.” दुसऱ्याच आठवड्यात जुन्या स्प्रिंगा परत बसल्या.

कायद्याचीही एक बाजू आहे आणि पंत ती कधीच स्वतःहून काढत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा बदलांना सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. पंतांच्या एक्सेलमध्ये प्रत्येक सुट्या भागापुढे ‘किंमत’, ‘मजुरी’ आणि ‘इतर’ असे तीन रकाने आहेत. ‘इतर’मध्ये सगळीकडे पाच हजार का, हे त्यांनी घरी सांगितलेलं नाही.

पंतांना कमी समजतं असं मुळीच नाही. वेग ८० वरून १०० वर गेला की ब्रेकला दीडपटीहून जास्त ऊर्जा गिळावी लागते, हे ते झोपेतही सांगतील. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, मग त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि लांब उतारावर पेडल मऊ पडतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावं, हेही त्यांना तोंडपाठ आहे. द्रुतगती मार्गावर मर्यादा १०० ची आणि वर कॅमेरे, आणि गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाच ती मर्यादा लीलया ओलांडत होती, हा हिशेबही त्यांनी मांडून झाला आहे. एवढं ज्ञान असून निर्णय का होत नाही?

कारण हा निर्णय गाडीचा नसून चारचौघांचा आहे. लग्नाच्या स्थळासारखं आहे हे. पॉवर म्हणजे पॅकेज, पहिल्याच फोनवर सांगून मोकळं होता येतं. हँडलिंग म्हणजे स्वभाव, तो कळायला आधी काही वळणं यावी लागतात. “किती बीएचपी?” याला उत्तर असतं. “कशी वळते?” याला फार तर हातवारे असतात. म्हणून हँडलिंगपक्षातले लोकही शेवटी आकडेच शोधतात. कँबर उणे दीड अंश, टो शून्य, बार बावीस मिलिमीटर. समोरच्याला यातलं काही कळत नाही, पण आकडा ऐकला की तो मान डोलावतो, आणि टर्बोपंतांना तेवढं पुरतं.

कँबरचाच आकडा ठरवायला पंत एकदा अलाइनमेंटवाल्याकडे गेले. पुढच्या चाकांना उणा कँबर देणारे बोल्ट त्यांनी खिशातून आणले होते. दुकानातला पोरगा बोल्टकडे बघितलं न बघितलं करून चाकाशी उकिडवा बसला. अंगठ्यानं टायरच्या कडेवरचा चिखल खरवडला आणि मोठ्यानं वाचलं, “दोन-तीन-एक-सहा.”

“म्हणजे?” पंतांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच गाडीचा एखादा आकडा त्यांना दुसऱ्याला विचारावा लागत होता.

“२०१६चा तेविसावा आठवडा, साहेब. गाडीबरोबर आलेलेच टायर दिसतात. नक्षी आहे अजून, पण रबर पार कडक झालंय. हे बदला आधी. मग काय ते बोल्टबिल्ट लावू.”

नक्षी शिल्लक होती, कारण गाडी चालली त्यापेक्षा तिच्यावर चर्चा जास्त झाली होती. टर्बोपंतांनी एवढी वर्षं जे घोडे इंजिनात आणि जे वळण सस्पेन्शनमध्ये शोधलं, ते दोन्ही शेवटी तळहाताएवढ्या चार ठिपक्यांतून रस्त्याला भिडणार होतं. आणि ते ठिपके शाळेतल्या पाट्यांसारखे गुळगुळीत नसले तरी तितकेच टणक झाले होते.

टायर बदलले. हवाही कंपनीच्या तक्त्यात लिहिल्याप्रमाणे भरली, अंदाजानं नाही. पुढच्याच रविवारी पिरंगुटवरून ताम्हिणीकडे जाताना नाक सरळ पळेना, ब्रेक लागताना गाडी दात खाईना. पॉवरही वाढल्यासारखी वाटली, कारण असलेली निदान रस्त्यापर्यंत पोचत होती. पंत खुशीत कँटीनमध्ये आले. “टायर बदलले,” ते म्हणाले.

“अच्छा? पंक्चर झाला होता का?” अबार्थवाल्यानं विचारलं आणि विषय क्रिकेटवर गेला.

त्या एका वाक्यानं पंतांचं पुरतं पानिपत झालं. जी सुधारणा सर्वांत जास्त उपयोगी पडली, तिच्याबद्दल सांगण्यासारखा आकडा नव्हता, वाद नव्हता, दोन पक्षही नव्हते. अलाइनमेंटवाल्यानंही तिच्याबद्दल अडीच वाक्यंच खर्चली होती.

मागच्या रविवारी मुळशीच्या अलीकडे चहाच्या टपरीवर टर्बोपंतांची मंडळी जमली होती. नवी स्विफ्ट घेतलेला एक पोरगा भीतभीत पुढे आला. “दादा, एक विचारू? बजेट कमी आहे. आधी पॉवर करू की हँडलिंग?”

पंतांना आता उत्तर माहीत होतं. ते एका शब्दाचं होतं. नव्या गाडीच्या मालकाला तर तेही लागत नाही, “हवा तपासून घे आणि चालव” एवढं पुरतं. पण घड्याळात साडेसातच वाजले होते, बाकीचे आशेनं बघत होते, आणि मिसळीची ऑर्डर अजून द्यायची होती.

“बस,” पंतांनी बाकावर सरकून जागा केली. “तू १९६४ची माँटे कार्लो रॅली ऐकली आहेस का?”