माळवद बदललं, वज्रासन नाही

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत भूकंपाने दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदं कोसळली. घराने जमिनीच्या तब्येतीशी जुळवून घ्यायचं असतं, हे तेव्हा सगळ्यांना पटलं. पुनर्वसनात बांधकाम बदललं. गुडघ्यांचं पुनर्वसन तेवढं राहून गेलं.

त्या पहाटे पंचविशीत असलेली सून आता साठीकडे सरकलेली आजी आहे. २०१५ पासून दर २१ जूनला, योगदिनी, सगळ्यांसाठी एकच ठरलेला योगक्रम. पुस्तिकेत गुडघे-कंबर दुखणाऱ्यांसाठी सूचना छापलेल्या असतात; माइकवरून ऐकू येतं ते फक्त 'वज्रासन'. जन्मभर खुरपणी केलेल्या आजीने अशा वेळी कुणाकडे बघायचं? फोटोग्राफरकडे.

पुण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी हा गुंता कधीच सोडवला होता. दोर, पट्टा, लाकडी विटा, लोखंडी खुर्ची... शरीर आसनापर्यंत पोचत नसेल, तर आसनानेच चार पावलं पुढे यावं. बेल्जियमची राणी एलिझाबेथ ऐंशी ओलांडल्यावर त्यांच्याकडून शीर्षासन शिकली. १९७९ मधल्या अपघातांनंतर खुद्द गुरुजींनाही साध्या आसनांपासून पुन्हा सुरुवात करावी लागली.

खुर्च्यांचा तुटवडा गावोगावी कुठेच नाही. योगदिनी त्या मांडतातही, पहिल्या रांगेत. पाहुण्यांसाठी.