मूळ फाइलच चढवणाऱ्या संपादकांना अनावृत पत्र

दिवाळी अंकाचे मा. संपादक यांस,
सा. न. वि. वि.

मुखपृष्ठाची जी फाइल छापखान्यात गेली, तीच आपण संकेतस्थळावर चढवलीत, याबद्दल वाचकवर्ग आपला ऋणी आहे. ४००० बाय ६००० पिक्सेल, चार शायांसाठी प्रत्येकी एक बाइट, म्हणजे न दाबलेली टिफ फाइल भरते ९६ एमबी. क्रोम आणि फायरफॉक्स टिफ दाखवतच नाहीत, हा त्यांचा करंटेपणा.

मग आपण जेपेग केलेत. तेही क्वालिटी १०० वर आणि रंग छपाईच्या चार शायांच्या सीएमवायकेतच ठेवून! त्यामुळे एकाच चित्रातला शेंदूर ब्राउझरगणिक वेगळा दिसतो; वाचकाला चार मुखपृष्ठे फुकट. शिवाय १०८० पिक्सेल रुंदीचा मोबाइल दर चौदा पिक्सेलमागे तेरा गाळतो. डेटा मात्र चौदाचा जातो.

तक्रारी आल्यावर आपल्या ऑपरेटरने ३०० डीपीआयचे ७२ केले म्हणे. आकडा बदलला, पिक्सेल तेवढेच राहिले, फाइलही तेवढीच.

१९९२ साली जेपेगचे मानक ठरवणारे लोक तडजोडवादी होते. माणसाचा डोळा उजेड-अंधार बारकाईने टिपतो, रंगात मात्र सहज फसतो, हे त्यांनी हेरले. चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडायचे, रंगाची माहिती बहुधा चौथ्या हिश्शावर आणायची, नजरेत न भरणारा तपशील सोडून द्यायचा. हे दाबणे अती झाले की शीर्षकाच्या शिरोरेषेभोवती मळकट ठिपके उठतात, हे आपले म्हणणे शंभर टक्के खरे. त्यासाठी १९९६ पासून पीएनजी आहे. त्यात काहीच गळत नाही. २०१० मध्ये गूगलने वेबपी आणले; ते तेवढ्याच दर्जाच्या जेपेगपेक्षा २५ ते ३४ टक्के लहान, असा गूगलचा दावा आहे. सफारीला ते चालत नाही, ही सबबही २०२० साली संपली.

आपल्या तत्त्वांना मुरड घालायची वेळ आलीच, तर काम पाच मिनिटांचे आहे. टिफची प्रत काढावी, रंग पडद्यासाठीच्या एसआरजीबीत न्यावेत, रुंदी १६०० पिक्सेल करावी आणि ८० च्या आसपास क्वालिटी ठेवून वेबपीत सेव्ह करावे. फाइल सहसा काही शे केबींत बसते. मूळ टिफला हात लावू नये. पुढच्या खेपेलाही तिच्यापासूनच सुरुवात करावी, कारण जेपेगवरून पुन्हा जेपेग केले की दर वेळी थोडा तपशील जातो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
वाट पाहणारा वाचकवर्ग

ता. क. संपादकीयाशेजारचा आपला हसरा फोटो मोबाइलवरून थेट चढवलेला दिसतो. कॅमेऱ्याचे लोकेशन चालू राहिल्याने त्यातल्या एक्झिफ नोंदीत आपल्या घराचे अक्षांश-रेखांश आहेत. पत्ता मिळाला, फराळाला कधी यायचे तेवढे कळवावे.