मुळात जायचं तर...

'ओके' म्हटलं की माणसांचं बोलणं संपतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या नानांचं तिथून सुरू होतं.

"ओके म्हणालास? आता मुळात जायचं तर..." चष्मा कपाळावर चढतो आणि आपण मुकाट्याने भाजीची पिशवी खाली ठेवतो. बँकेतून निवृत्त झाल्यापासून नाना इंग्रजी शब्दांची कुळं शोधत असतात. मुलीच्या साखरपुड्यात व्याही म्हणाले, "नाइस अरेंजमेंट हं!" नानांनी त्यांना कोपऱ्यात नेऊन सांगितलं, हा शब्द लॅटिनमधला, मूळ अर्थ अडाणी. व्याही लग्न लागेपर्यंत नुसतं 'छान, छान' म्हणत होते.

पण नानांचा खरा जीव 'ओके'वर. गेल्या महिन्यात सिलिंडरवाला पोरगा रिकामी टाकी खांद्यावर घेऊन "ओके काका" म्हणाला आणि जिन्यातच अडकला. 23 मार्च 1839, बोस्टनचं वर्तमानपत्र! तिकडे तेव्हा मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं छापायची टूम होती. त्यात 'ऑल करेक्ट'चं झालं ओके. "म्हणजे सगळं बरोबर आहे हे सांगणारा शब्दच चुकीचा!" नानांनी टाळीसाठी हात पुढे केला. पोराचे दोन्ही हात टाकीला. पुढच्याच साली निवडणूक लागली. राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरेन पुन्हा उभे. ते किंडरहूक गावचे, म्हणून 'ओल्ड किंडरहूक', म्हणजे पुन्हा ओकेच! कार्यकर्त्यांनी ओके क्लब काढले, शब्द देशभर झाला...

खाली टेम्पोवाला हॉर्न बडवत होता. टाकी या खांद्यावरून त्या खांद्यावर गेली. शेवटी नानी आतून कडाडल्या, "अहो, सोडा त्या लेकराला!"

(टेम्पोमागच्या 'हॉर्न ओके प्लीज'मधला ओके कुठला, हे मात्र विचारू नये. त्यावर नानांकडे चार उपपत्ती आहेत आणि चारही त्यांना स्वतःलाच पटत नाहीत.)

काल तोच पोरगा भरलेली टाकी घेऊन आला. ती ठेवली, ओटीपी घेतला, रिकामी उचलली आणि दारातच थबकला.

"काका, ते ओकेवाले आले का हो निवडून?"

नानांचा चष्मा आनंदाने कपाळावर. "अरे कुठचे! पडले!"

"मग कसलं ओके?" म्हणत पोरगा धडाधड जिना उतरलासुद्धा.

नाना दारात उभे. चष्मा अजून कपाळावरच.